विमानात वास आला तर केबिन क्रू काय करतो, आणि आपण त्यांना काय सांगायचं

सुरंगी_आरवली

परवा माझी मावसबहीण मोपाहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, मुंबईला निघाली होती. विमानाचं दार बंद व्हायच्या आधीच सामानाच्या कप्प्याखालच्या फटीतून पांढरं धुकं खाली यायला लागलं आणि तीनचार जण उभे राहून धूर धूर म्हणून ओरडले, हिने घाबरून तिथूनच मला फोन लावला. मी तिला एकच विचारलं, वास येतोय का गो? म्हणाली वास नाही, गार लागतंय. म्हटलं मग बस निवांत, ते दव आहे.

जूनमधे आपल्या किनाऱ्यावर हवा कशी असते ते सांगायला नको, पापड डब्यात मऊ पडतात. दारं उघडी असताना ती ओली हवा आत भरते आणि एसीची गार हवा तिला लागली की धुकं होतं. ते जड असतं, खाली उतरतं, हात दोन हात जाऊन विरतं. डोळे चुरचुरत नाहीत, घसा खवखवत नाही. त्याला भिण्यासारखं काही नाही.

पण हा धागा मी काढलाय तो याच्या उलट्या गोष्टीसाठी. दिसत काही नाही, फक्त वास येतो, आणि लोक संकोचाने गप्प बसतात.

मी ११ वर्षं केबिन क्रू होते, आता वेंगुर्ल्याला घरी असते. कंपनीचं नाव घेणार नाही. मोपा तेव्हा सुरू व्हायचं होतं. मुंबईहून कोचीला निघालो होतो, विमान अजून वर चढत होतं, सीटबेल्टचा दिवा चालूच होता. मी पुढच्या दाराजवळच्या जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, बसले होते आणि एकदम वास आला. कसला वास, तर जुलैत आठवडाभर ऊन पडलं नाही की दोरीवरचे मोजे, चादरी जशा कुबट येतात ना, तसा, आणि त्यात थोडा जळक्या तेलाचा. आई माझी सुरंगीचे गजरे करायची, पहाटे आलेली फुलं आणि उन्हं चढल्यावर आलेली फुलं ती वासावरून वेगळी करायची आणि तेच मला शिकवलेलं, त्यामुळे नाक तसं तयार आहे. पण हा वास ओळखायला तयार नाक लागत नव्हतं. पहिल्या ओळीतल्या एका गृहस्थांनी रुमाल काढलाच होता.

आमचं ट्रेनिंग असं की आधी कॉकपिटला कळवायचं, शोधाशोध त्यानंतर. मी इंटरफोन उचलला आणि सांगितलं की ओल्या मोज्यांसारखा वास आहे, पहिल्या आठएक ओळींत जास्त, धूर दिसत नाही, माझा घसा धरलाय. मागच्या गॅलीतल्या मुलीला विचारलं तर तिला काहीच येत नव्हतं, हेही सांगितलं. कॅप्टन म्हणाले, इथे पण आहे. मग दोनतीन सेकंद काहीच नाही आणि त्यानंतर फोनमधे नुसता श्वास, आत ओढला की सूं आणि सोडला की फुस्स. त्यांनी मास्क चढवला होता. मास्कमधून बोलणं इतकं घोगरं येतं की अर्धे शब्द कळत नाहीत, त्यामुळे मी प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवत होते. गोव्याला उतरतोय, इव्हॅक्युएशन नाही, नेहमीसारखं लँडिंग, एवढं ठरलं.

तोवर आम्ही गॅलीतले ओव्हन बंद केले, टॉयलेट बघून आलो, पुढच्या ओळींतल्या लोकांना जमेल तसं मागे बसवलं, नॅपकिन पाण्यात भिजवून वाटले आणि नाकातोंडावर धरा म्हणून सांगितलं. एका आजींचे हात कापत होते, त्यांचा नॅपकिन मीच पिळून दिला. गोव्याच्या जुन्या विमानतळावर, दाबोळीला उतरलो, शिडी लागली, सगळे पायी उतरले. फर्स्ट ऑफिसर खाली आल्यावर शिडीच्या कठड्याला धरून उभा होता, तोंड पांढरं पडलेलं. माझं म्हणाल तर दोन दिवस डोकं जड होतं, आणि फॉर्म भरताना ज्या फ्लाइटवरून आत्ता उतरले तिचा नंबर आठवेना. तो मी रोज चारचारदा माइकवर बोलायचे.

इंजिनियरांनी बघितलं, काही सापडलं नाही असं लिहून विमान परत सोडलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रूला तोच वास. तेव्हा कुठे एका इंजिनाचं सील गळतंय ते निघालं. आणि मधल्या काळात मला ऑफिसात एकजण म्हणाला होता, वासाचं काय लिहायचं एवढं. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. विमानात केबिनच्या हवेतलं तेल ओळखणारं मीटर बहुतेक ठिकाणी नसतंच. तिथे असतं फक्त माणसाचं नाक. मग वासाचं नाही लिहायचं तर काय लिहायचं?

मेंटेनन्सवाला_चिपळूण

ताई, चांगला विषय काढलात. मी या लाइनमधे १९ वर्षं आहे, थोडं इंजिनाच्या बाजूने सांगतो.

बहुतेक जेट विमानांत तुम्ही जी हवा घेता ती इंजिनातूनच येते. इंजिन पुढून हवा ओढतं, कॉम्प्रेसर ती दाबतो आणि इंधन जळायच्या आधीच त्यातली थोडी बाजूला काढून घेतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. ती चांगली तापलेली असते, विमानाच्या पोटाखालच्या पॅकमधे म्हणजे एसीच्या यंत्रात थंड होते आणि केबिनमधे येते. जमिनीवर इंजिनं बंद असताना हेच काम शेपटीतलं छोटं इंजिन करतं, ते एपीयू. आता कॉम्प्रेसरचा शाफ्ट फिरतो बेअरिंगवर, बेअरिंगला तेल, आणि तेल आणि हवा यांच्या मधे सील. सील झिजलं, किंवा आमच्याच कोणी तेल जरा जास्त भरलं, की त्याचा अंश गरम हवेत जातो. पॉवर वरखाली होते तेव्हा म्हणजे चढताना नाही तर उतरायला सुरुवात करताना हे जास्त होतं, ताईंना वास चढतानाच आला ते त्यामुळेच.

लोक म्हणतात हेपा फिल्टर आहे ना. फिल्टर आहे, पण तो केबिनमधून फिरून परत येणाऱ्या हवेला, साधारण अर्धी हवा तशी असते. इंजिनातून येणारी ताजी हवा त्यातून जात नाही. शिवाय हेपा कण पकडतो, जंतू पकडतो, वाफ नाही पकडत. बोइंग ७८७ ला हा प्रश्न असा येत नाही, २०११ पासून उडतंय, त्यात केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेच्या वेगळ्या कॉम्प्रेसरने बाहेरून घेतात.

"काही सापडलं नाही" याबद्दल आमच्या बाजूचं सांगतो. जमिनीवर इंजिन हळू चालवलं तर ते सील गळतच नाही. पॉवर वाढवून, पॅक चालू ठेवून, एकेक इंजिन वेगळं करून हुंगावं लागतं, त्याला वेळ आणि मोकळी जागा लागते आणि विमान तर पाऊण तासात परत सोडायचं असतं. क्रूने नुसतं "केबिनमधे वास" लिहिलं असेल तर आम्ही शोधायचं कुठे? ताईंनी ओळी सांगितल्या, मागे वास नाही हे सांगितलं, त्यावरून कुठला पॅक, कुठलं इंजिन याचा अंदाज येतो. ७३७ मधे कॉकपिटची हवा मुख्यतः डाव्या पॅकमधून येते आणि केबिनला उजव्याची आणि डाव्याची उरलेली, म्हणजे वास कोणाला आधी आला यावरून सुद्धा दिशा कळते.

आणि आपल्या किनाऱ्याचं एक. खारी हवा, त्यामुळे कॉम्प्रेसर पाण्याने धुवावा लागतो. धुतल्यावर नीट वाळवला नाही तर पहिल्या फ्लाइटला वास येऊ शकतो, हेही लॉगबुकात बघायला हवं.

तांडेल_देवगड

बाय, वाचून अंगार काटो इलो. मी बोटीवरचो माणूस, विमानातला माका काय कळना नाय. पण इंजिनाचो वास बदललो काय तांडेलाक आदी कळता, मीटर मागसून हलता, ह्या खरा.

एक सांगतंय. मासळेच्या खणात माणूस उतरवच्या आदी झाकण उगडून वारो घेवक सोडूचो लागता. कुसलेल्या मासळेचो गॅस जमता थंय. पयलो घाण वास येता, मगे वास बंद होता. पोरांका वाटता गॅस गेलो. गॅस खय जाता, नाक मेला! असे उतारलेले आनी वर नाय इलेले पोर मी बघितलंय. तुमच्या विमानात असा होता काय?

सुरंगी_आरवली

तांडेलकाका, अगदी महत्त्वाचं विचारलंत. गॅस वेगळा आहे पण नाक थकतं हे तंतोतंत तसंच. पाचदहा मिनिटं त्याच वासात बसलं की तो कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणून आम्ही जो तिथे बसलेला नव्हता त्याला बोलवायचो. मागची मुलगी पुढे आली आणि पडदा सरकवल्या सरकवल्या तिने नाकाला हात लावला, मला मात्र तोवर वाटत होतं की कमी झालाय. मी एकटीच्या भरवशावर कॅप्टनना "गेला वास" सांगितलं असतं तर चुकीचं सांगितलं असतं.

चाकरमानी_परळ

ताई एक शंका, इतका त्रास होता तर वरचे पिवळे मास्क का नाही सोडले? पायलटनी आपले घातले आणि पब्लिकला ओले नॅपकिन, हे वाचून मला जरा रागच आला, खरं सांगतो. माझी आई दरवर्षी शिमग्याला एकटी विमानाने येते.

सुरंगी_आरवली

दादा, राग येणं साहजिक आहे, तेव्हा एका प्रवाशाने पण मला हेच ओरडून विचारलं होतं. ते पिवळे मास्क उंचीवर केबिनचा दाब गेला तर त्यासाठी असतात. त्यात थोडा ऑक्सिजन येतो आणि बाकी श्वासाला केबिनचीच हवा आत येते, म्हणजे वास, धूर जे काही असेल ते मास्कमधून पण फुफ्फुसात जाणारच. बहुतेक विमानांत तो ऑक्सिजन रसायनाच्या नळकांड्यातून येतो, एकदा सुरू झाला की बंद करता येत नाही, साधारण १२ ते १५ मिनिटं पुरतो. आणि वास जर कुठल्या लपलेल्या आगीचा असेल तर तिला आपणच ऑक्सिजन दिल्यासारखं होतं.

पायलटचा मास्क वेगळा, तो चेहऱ्याला घट्ट बसतो आणि १०० टक्क्यांवर ठेवला की बाहेरची हवा आत येत नाही. ते दोघं शुद्धीवर राहिले तर आपण सगळे खाली येतो, म्हणून त्यांनी शंका आल्या आल्या आधी मास्क घालायचा आणि मग विचार करायचा असा नियम आहे. २०१० च्या डिसेंबरात जर्मनविंग्जचं एक विमान व्हिएन्नाहून कोलोनला उतरत असताना दोघाही पायलटना वासाने इतकी भोवळ आली की जेमतेम उतरवलं. आम्हाला केबिनमधे धुराचं हूड असतं, डोक्यावरून चढवायचं, पण ते १५ मिनिटांच्या आसपास चालतं आणि मुळात आग विझवायला दिलेलं असतं. ओला नॅपकिन वाफ अडवत नाही, हे मी लपवणार नाही. धुरातले कण थोडे अडतात, घशाची जळजळ कमी होते, आणि माणूस शांत बसून हळू श्वास घेतो. तेवढंच आमच्या हातात होतं. तुमच्या आईला एवढंच सांगून ठेवा की वास आला तर बेल दाबायची, लाजायचं नाही.

डॉ_गुहागर

दोन गोष्टी डॉक्टर म्हणून सांगाव्याशा वाटतात. असा प्रसंग होऊन गेल्यावर लोक बोटाला ऑक्सिमीटर लावतात, ९८ दिसतो आणि सगळे म्हणतात ठीक आहे. गरम तेलातून कार्बन मोनॉक्साइड झाला असेल तर तो साधा ऑक्सिमीटर फसतो, त्याला रक्तातला मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन वेगळा ओळखता येत नाही. पावसाळ्यात बंद पडवीत जनरेटर लावून झोपलेल्यांच्या बाबतीत आम्ही हेच बघतो, बोट छान आणि माणूस बेशुद्ध. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी आहे आणि ती लवकर करायला हवी, कारण साध्या हवेत चारपाच तासांत तो निम्मा होतो आणि ऑक्सिजन लावला तर दीडएक तासातच. म्हणजे घरी जाऊन झोपून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलात तर हाती काही लागत नाही. फ्लाइट नंबर आठवेना, हे मी साधं दमणं म्हणून सोडणार नाही. सुरंगीताई, तुमचं रक्त त्या दिवशी घेतलं होतं का?

सुरंगी_आरवली

नाही घेतलं डॉक्टर. कोणी सुचवलं नाही आणि मला माहीत नव्हतं. पाणी पी, झोप, म्हणाले.

हापूस_बागायत

मी फवारणीवाला माणूस म्हणून विचारतो. कुठेतरी वाचलं की विमानाच्या तेलात ऑरगॅनोफॉस्फेट असतं. आमच्या बागेत मोहोरावर मारायची औषधं त्याच घराण्यातली, वारा फिरला की गडी चक्कर येऊन बसतो, तोंडाला लाळ, घाम. तेच का हे?

डॉ_गुहागर

घराणं तेच पण काम वेगळं. तेलात झीज कमी व्हावी म्हणून ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालतात, साधारण ३ टक्क्यांपर्यंत. फवारणीच्या औषधासारखी लाळ, घाम त्याने लगेच येत नाही. त्याचा एक प्रकार, ऑर्थो म्हणतात, तो पोटात गेला तर दोनतीन आठवड्यांनी पायाच्या नसा जातात. आपल्या देशात १९८८ साली कलकत्त्याच्या बेहाला भागात खाद्यतेलात हे मिसळलं गेलं आणि शेकडो लोकांचे पाय लुळे पडले. पण ते खाण्यातून, मोठ्या मात्रेत. विमानाच्या आजच्या तेलात तो ऑर्थो प्रकार अगदी कमी ठेवतात आणि हवेत येतो तो अंश त्याहून कमी. वर्षानुवर्षं उडणाऱ्या क्रूला थोड्याथोड्याने काय होतं यावर डॉक्टरांत अजून वाद आहे, एअरोटॉक्सिक सिंड्रोम हे नाव अधिकृत आजार म्हणून मान्य झालेलं नाही. पण त्रास झालेला माणूस समोर बसलेला असताना "आजार मान्य नाही" म्हणून त्याला तपासायचंच नाही, हे मला पटत नाही.

कणकवली_एक्सप्रेस

सगळं वाचलं पण मला वाटतं उगाच घाबरवणं होतंय. रोज हजारो विमानं उडतात. आता वास आला की प्रत्येकजण बेल दाबणार, विमानं कुठेही उतरवणार, कसं चालायचं? मी तर ट्रेननेच जातो.

सुरंगी_आरवली

घाबरवायचं नाहीच आहे. ११ वर्षांत असा प्रसंग मला एकदाच आला. बाकी वास रोज यायचे आणि त्यांचं मूळ सापडायचं, ओव्हनमधे सांडलेला रस्सा, टॉयलेट, कोणाचा परफ्यूम. गणपतीनंतरच्या फ्लाइटला तर वरच्या कप्प्यात सुकटीची पिशवी हमखास, आणि मे महिन्यात पिकलेला फणस. आम्ही हुंगत हुंगत जायचो, पिशवी सापडली की पुन्हा घट्ट बांधायला सांगायचो आणि कॅप्टनना कळवायचो की सुकट आहे. तोच तर मुद्दा आहे, मूळ सापडलं की विषय संपला. सापडलं नाही तर मात्र अंदाज बांधून गप्प बसायचं नाही.

स्विसएअर १११ चं सांगते, आम्हाला ट्रेनिंगमधे शिकवायचे. २ सप्टेंबर १९९८, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं. पायलटना आधी वास आला, थोडा धूर दिसला, परत दिसेनासा झाला, त्यांना वाटलं एसीचंच काहीतरी आहे. प्रत्यक्षात कॉकपिटच्या छतावर वायरिंगमधे आग होती. पहिल्या वासापासून साधारण २१ मिनिटांत विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात गेलं, २२९ माणसं. चौकशीत असंही निघालं की ते लगेच वळले असते तरी बहुधा पोचले नसते, त्यामुळे मी त्या पायलटांना दोष देत नाही. पण तेव्हापासून शिकवतात की मूळ न सापडणारा वास किंवा धूर म्हणजे उतरायची तयारी आधी आणि चेकलिस्टचं शेपूट नंतर. आणि उतरणं म्हणजे संपलं असंही नाही, १९८० मधे रियाधला सौदियाचं विमान पेटलेलं असताना व्यवस्थित उतरलं, पण थांबायला आणि दारं उघडायला उशीर झाला आणि ३०१ च्या ३०१ माणसं आतच गेली. धावपट्टीवर उभ्या विमानात. हे मला अजून नीट सांगता पण येत नाही.

मेंटेनन्सवाला_चिपळूण

कणकवलीकर, आपल्या अंगणातलं उदाहरण देतो. १२ ऑक्टोबर २०२२, गोव्याहून हैदराबादला जाणाऱ्या क्यू४०० या पंख्याच्या छोट्या विमानात कॉकपिट आणि केबिन दोन्हीकडे धूर झाला. सुखरूप उतरलं. नंतर डीजीसीएने, म्हणजे आपल्या सरकारच्या विमान वाहतूक खात्याने, त्या कंपनीच्या या प्रकारच्या विमानांच्या इंजिन ऑइलचे नमुने दर १५ दिवसांनी इंजिन बनवणाऱ्यांकडे तपासायला पाठवा असा आदेश काढला. क्रूने कळवलं, लिहिलं, म्हणून आदेश निघाला.

आणि पक्ष्यांचं राहिलं. पावसानंतर रनवेजवळच्या सड्यांवर पाणी साठतं, किडे होतात, घारी बगळे येतात. पक्षी इंजिनात गेला की जळक्या मांसाचा वास लगेच केबिनमधे येतो, कारण हवा तिथूनच येते. २०२३ मधे क्यूबा आणि अमेरिकेत ७३७ मॅक्सच्या दोन प्रसंगांत पक्षी आदळल्यावर इंजिनातली एक सुरक्षेची रचना सुटली, तेल हवेत गेलं, एकदा केबिन धुराने भरली आणि एकदा कॉकपिट. त्यावर २०२५ मधे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने तातडीची शिफारस केली.

कणकवली_एक्सप्रेस

दोघांचं वाचलं. मूळ सापडलं की विषय संपला, हे पटलं. माझा शब्द मागे घेतो.

नवी_क्रू_सावंतवाडी

ताई नमस्कार, मी केबिन क्रू म्हणून गेल्या महिन्यातच लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष फ्लाइटवर, आलेय. ट्रेनिंगमधे आगीचं खूप करून घेतलं, लॅपटॉपची बॅटरी पेटली तर आधी हॅलॉनचं अग्निशामक नळकांडं आणि मग पाणी ओतत राहायचं, हे झोपेत पण सांगेन. वासावर मात्र अर्धा तास झाला असेल. मला खरंच विचारायचंय, इंटरफोनवर नक्की काय बोलू आणि नंतर रिपोर्टमधे काय लिहू? सीनियर म्हणाल्या की नीट खात्री झाल्याशिवाय कॅप्टनना त्रास देऊ नकोस.

सुरंगी_आरवली

बाळा, सीनियरचा मान ठेव पण हे एक ऐकू नकोस. खात्री करणं तुझं काम नाही, कळवणं आहे. एकच, टेकऑफ आणि लँडिंगच्या ऐन वेळी कॉकपिटला फोन कधी करायचा ते तुमच्या मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं, ते आज रात्रीच वाच. धूर, आग हे तेव्हाही कळवायचंच.

बोलताना वासाला नाव देऊ नकोस, सारखेपणा सांग. "तेलाचा वास" म्हटलंस की कॅप्टनच्या डोक्यात एकच चित्र बसतं आणि तू चुकलेली असू शकतेस. ओल्या मोज्यांसारखा, रबर जळल्यासारखा, काजूच्या भट्टीच्या धुरासारखा डोळ्यांत जाणारा, असं सांग. काजूची भट्टी त्यांना माहीत नसेल तर डोळे झोंबतात म्हण. कुठल्या ओळीत, फटीतून येतोय का खालून, वाढतोय का तसाच आहे, कधीपासून, आणि माणसांना काय होतंय. डोकं, मळमळ, हाताला मुंग्या, कोणी उत्तर द्यायला वेळ लावतंय का. यातलं शेवटचं स्वतःच्या जोडीदारात बघायचं, कारण भोवळ आलेल्या माणसाला स्वतःचं कळत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेचं २०१५ चं परिपत्रक आहे, क्रमांक ३४४, वासाचं ट्रेनिंग आणि रिपोर्टिंग यावरच आहे, इन्स्ट्रक्टरना विचार त्यातलं काय काय घेतलंय.

रिपोर्ट उतरल्यावर लगेच लिही, हॉटेलवर गेल्यावर नको. वेळ लिही, विमान चढत होतं का उतरत होतं ते लिही, आणि कॅप्टनने टेक लॉगमधे, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या वहीत, नोंद केली का ते विचारूनच विमान सोड. तुझ्या रिपोर्टची एक प्रत तुझ्याकडे ठेव. आणि डॉक्टर वर म्हणालेत तसं, त्रास झाला असेल तर त्याच दिवशी रक्त दे, एअरपोर्टवरच्या डॉक्टरकडे त्या तपासणीचं नाव घेऊन माग.

डॉ_गुहागर

नाव लिहून ठेव, कार्बॉक्सीहिमोग्लोबिन. उच्चारता नाही आलं तर कागद दाखव.

तांडेल_देवगड

आनी बाय, नाक मेला तर दुसऱ्याचा नाक घे. इसरू नको.

नवी_क्रू_सावंतवाडी

सगळं वहीत उतरवून घेतलं, कार्बॉक्सीहिमोग्लोबिन पहिल्या पानावर. मॅन्युअलमधलं ते पान पण सापडलं, वाचतेय. उद्या पहाटे ४ चं रिपोर्टिंग आहे.